सातवी फाइल

प्रताप नगर, नागपूर
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

प्रिय विहंग,

पत्ता तुझ्या व्हिडिओच्या शेवटी येतो, तिथून उतरवून घेतला. विहंग मोटर वायंडिंग, बस स्टँडच्या मागे, देवरुख. माझा फोन तू उचलत नाहीस, मेसेजला दोन वर्षांपासून एकच खूण पडते. म्हणून कागद घेतला. फाडायचा असेल तर निदान वाचून फाड.

बाबांबद्दल सांगायचंय. घाबरू नकोस, तब्येत बरी आहे. पण त्यांना आता दिसत नाही. उजवा डोळा तर आई गेली त्याच वर्षी गेला होता. डाव्याने धूसर दिसायचं. गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर तोही गेला. दिवाळीत त्यांनी कंदील स्वतः टांगला होता, उतरवायची वेळ आली तेव्हा तो कुठे आहे ते मला विचारलं. हे तुला मी तेव्हाच कळवायला हवं होतं.

आता खरी गोष्ट. बाबा तुझे व्हिडिओ ऐकतात.

जून महिन्यात मी जेवता जेवता फोनवर तुझा एक व्हिडिओ बघत होते, विहिरीवरच्या मोटरचा. आवाज बारीक ठेवला होता. बाबा समोर बसून पोळी मोडत होते, ते थांबले. म्हणाले, "कोण आहे हा?"

मी म्हटलं, "कोणी पंप दुरुस्तीवाला आहे. कोकणातला."

त्यांनी पोळीचा तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाले, "बोलतो बरा. याचे आणखी आहेत का?"

त्यांनी आवाज ओळखला नाही असं तुला वाटतं का? मला नाही वाटत. पण त्या दिवसापासून आमच्या घरात तू 'पंपवाला' आहेस. पंपवाल्याने नवीन काही टाकलं का, पंपवाल्याला सर्दी झालेली दिसते. तुझं नाव ते घेत नाहीत, मीही घेत नाही. आई गेल्यावर त्यांनी तुला जे सांगितलं ते त्यांनी मागे घेतलेलं नाही. पण ऐकतात.

फोन त्यांना जमत नाही. गुळगुळीत काचेवर बोट कुठे ठेवायचं ते कळत नाही, चिडतात. त्यांचा तो जुना रेकॉर्डर आठवतो? पाटबंधारे खात्यात असताना सभांचं इतिवृत्त लिहायला घेतलेला, करड्या रंगाचा. त्याची सहाही बटणं त्यांच्या बोटांना पाठ आहेत. पण त्याच्यात डब्ल्यूएमए नावाच्या जुन्या प्रकारच्याच फाइली वाजतात, दुसरं काही टाकलं की नुसता टीं करून गप्प बसतो. सीताबर्डीवर विचारलं तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, ये तो म्युझियम में दे दो." नवा घेऊन दिला. बाबांनी दोन दिवस हातात फिरवला आणि परत दिला.

मग मला इंटरनेटवर एक फुकटची साइट सापडली. व्हिडिओ चढवायचा, यादीतून जुना प्रकार निवडायचा, गोल चक्र फिरत राहतं, शेवटी चित्र गळून नुसता आवाज हातात येतो. मिहानच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी हेच करते. कंपनीच्या नेटवर बंदी आहे म्हणून माझ्या फोनवरून. संध्याकाळी वायर लावून रेकॉर्डरमध्ये भरून देते. आत्तापर्यंत तुझे एकेचाळीस झाले.

आणि आणखी एक कबूल करते. 'देवराव, कन्हान' या नावाने तुझ्या व्हिडिओखाली लिहिते ती मीच. बाबा एकदा म्हणाले, "हा म्हणतो निळी वायर बघा. मी कुठून बघू?" म्हणून मी लिहिलं, "भाऊ, मले डोळ्यानं दिसत नाही. वायर कोणत्या बाजूले हाय ते सांगत जा." वऱ्हाडीत लिहिलं, म्हणजे तुला शंका येणार नाही. तू लगेच उत्तर दिलंस, देवराव काका, माफ करा, पुढच्या वेळेपासून सांगतो. आणि खरंच सांगायला लागलास. डाव्या कडेला, अंगठ्याला जो गोल लागतो तो पहिला, त्याच्या खाली खाचा असलेला दुसरा. बाबा टेबलावर बोटं ठेवून ऐकतात. बोटं हलत असतात.

एवढंच सांगायचं होतं. व्हिडिओ बंद करू नकोस. त्या दुसऱ्या विषयावर मी इथे काही लिहीत नाही.

तुझी,
नूपुर ताई


नागपूर
गुरुवार, १३ नोव्हेंबर

विहंग,

हे घाईत लिहिते आहे. ऑफिसच्या कँटीनमध्ये बसले आहे, अक्षर समजून घे.

तू मला उत्तर दिलं नाहीस, पण मंगळवारचा तुझा व्हिडिओ मी पाहिला. सुरुवातीलाच म्हणालास, "आज मी काही दाखवणार नाही, फक्त सांगणार आहे. एक जण ऐकतात." माझं पत्र पोचलं हे मला तिथेच कळलं. मला इतका आनंद झाला की मी काम नीट केलं नाही. त्याचंच हे सगळं झालं आहे.

बाबा आज सकाळी कन्हानला गेले. रुपरावकाका घेऊन गेले, रविवारी आणून सोडतील. त्यांच्याच खात्यातले ते, दरवर्षी नेतात. जाण्याआधी नवे सगळे भरून दे, असं बाबांनी काल सांगून ठेवलं होतं. तुझे नऊ साठले होते. मी गॅलरी उघडली, पटापट निवडले, साइटवर चढवले. ती साइट खाली उतरवताना मूळ नाव ठेवत नाही, नुसते लांबच लांब आकडे येतात. मी रेकॉर्डरमधले जुने पुसले, हे सगळे न ऐकता भरले आणि यंत्र त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

आज दुपारी सहज ती साइट उघडली तर कालच्या कामाची यादी अजून तिथेच होती. मूळ नावांसकट. दहा. मी नऊ समजत होते, त्या दहा आहेत. सातवी सहा मिनिटं चाळीस सेकंदांची आहे. तुझा एकही व्हिडिओ दहा मिनिटांच्या आतला नसतो. आणि तिच्या नावात २०२१ आहे.

तुला कळलं असेल. हॉस्पिटलमधली आहे.

मी ती पुसली नव्हती, विहंग. तुला सांगितलं होतं पुसली म्हणून. तिच्या पहिल्या काही सेकंदांत आईचा हात आहे, पांढऱ्या चादरीवर. तिचं जिवंतपणीचं माझ्याकडे तेवढंच शेवटचं आहे. मागच्या महिन्यात मी नवा फोन घेतला, सगळं इकडचं तिकडे केलं तेव्हा तारखा उलटसुलट झाल्या आणि जुने व्हिडिओ नव्यांच्या मधे येऊन बसले. तू मोटरखाली पांढरं कापड पसरतोस ना, चौकोनात बारीक दिसताना ते आणि ती चादर सारखीच दिसते.

मी लगेच रुपरावकाकांना फोन लावला.

"बाबा काय करताहेत काका?"

"ऐकून राहिले ना वं. ओसरीवर बसले हायेत. सकाळपासून तो पंपवाला कानाले लावून बसले."

"कितवं चाललंय?"

"आता ते म्या मोजून राहिलो का? काहून, काय झालं?"

"काही नाही. आवाज नीट येतो का एवढंच."

"येते ना. मस्त येते. देऊ का फोन त्यायले?"

मी नको म्हटलं आणि ठेवला.

बाबांनी ती ऐकली तर ते तुला फोन करतील. नंबर त्यांना पाठ आहे, कोणाकडूनही लावून घेतील. म्हणून तुला आधी कळावं. पाकीट आणि तिकिटं घेऊन ठेवली आहेत, संध्याकाळी टाकीन.

नूपुर


नागपूर
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

विहंग,

कालचं पत्र टाकलं नाही. पर्समध्येच आहे.

काल ऑफिस सुटल्यावर स्कूटी घेऊन मी थेट कन्हानकडे निघाले. कामठीपर्यंत गेले. तिथे रस्त्याच्या कडेला थांबले, अर्धा तास तशीच उभी राहिले आणि परत आले. आपण न सांगता जाऊन धडकलो तर त्यांना संशय येईल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे भीती वाटली.

कन्हानहून अजून फोन नाही. घरकामाच्या शोभाताई सकाळी आल्या तर मी स्वयंपाकघरात नुसतीच उभी होते. म्हणाल्या, "काय वं ताई, गॅस चालू करून कोणाची वाट पाहून राहिली?" दूध उतू गेलं होतं.

त्या सहा मिनिटांत काय काय आहे ते मी काल पुन्हा ऐकलं. चित्र न बघता, फोन उलटा ठेवून, जसं बाबा ऐकतील तसं. तूही तिथे होतास, पण मी सांगते.

आधी आईजवळची श्वासाची मशीन. वर जाते, खाली येते. मग डॉक्टर सांगतात, रक्तस्राव मोठा आहे, ऑपरेशन केलं तर वाचण्याची शक्यता शंभरात पाच, आणि वाचल्या तरी जाग येईल असं सांगता येत नाही. हे बाबांना ऐकवता यावं म्हणूनच मी रेकॉर्डिंग सुरू केलं होतं. तेव्हा त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन तीनच दिवस झाले होते, त्यांना पंधरा दिवस पालथं पडून राहायला सांगितलं होतं, ते घरीच होते. मग आपण बाहेर बाकावर येतो. फोन माझ्या हातात तसाच चालू. मग तुझा आवाज.

"ताई, बाबांना लावला होता मी. ते म्हणतात करा. काहीही होवो, करा म्हणतात."

"त्यांना काय जातंय म्हणायला? मी नको म्हणून सही करून राहिली."

"बाबा हो म्हणाले आहेत गं."

"विहंग, ऐक. सही मी करते. पण तू सांग की तू केलीस."

"काहून?"

"तू पुण्याला निघून जाशील. मला इथे रोज त्यांच्यासमोर राहायचंय. चार दिवस चिडतील, मग विसरतील."

आणि बाक करकरतो, तू उठतोस. मग म्हणतोस, "ठीक आहे."

ते चार दिवस काही संपले नाहीत. आई दुसऱ्या दिवशी गेली. डोळ्याला पट्टी बांधून बाबा घाटावर आले, घरी आल्यावर तू ओसरीत उभं राहून सांगितलंस की सही मी केली, आणि त्यांनी तुला म्हटलं की पुन्हा माझ्यासमोर येऊ नकोस. मी तिथेच होते. पाण्याचा तांब्या घेऊन.

वर्षभराने तू मला म्हणालास, आता सांग त्यांना. मी म्हटलं, त्यांची शुगर वाढली आहे. सहा महिन्यांनी परत म्हणालास. मी म्हटलं, दुसऱ्या डोळ्याचं चाललं आहे. मग तू म्हणणं सोडलंस, पुढे पुणंही.

मी तुला नेहमी सांगत आले की आईचे हाल होऊ नयेत म्हणून मी नको म्हटलं. ते खोटं नाही. पण पूर्णही नाही. मिहानमधली नोकरी लागून मला अडीच महिने झाले होते. एका खोलीत बाबा पालथे, दुसऱ्या खोलीत आई अंथरुणाला खिळलेली, आणि मधे मी, असं मला त्या बाकावर बसल्या बसल्या दिसलं. दहा वर्षं दिसली. मी त्या दहा वर्षांना भिऊन सही केली. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही. स्वतःलाही नीटसं नाही.

उद्या जाते कन्हानला.

नूपुर


नागपूर
शनिवार, १५ नोव्हेंबर

विहंग,

निभावलं. मागची दोन्ही पत्रं मी टाकलेली नाहीत, आता टाकायचीही गरज नाही. हेही बहुतेक टाकणार नाही. पण गेले दोन दिवस सवय झाली आहे म्हणून लिहिते.

सकाळी गेले. बाबा ओसरीवर खुर्चीत बसले होते, यंत्र खिशात. मी पाया पडले तर म्हणाले, "तू? आज सुट्टी?"

"शनिवार आहे बाबा. म्हटलं बघून यावं."

"बरं केलंस."

चेहऱ्यावर काही नव्हतं. मी पुन्हा पुन्हा बघत होते. रुपरावकाकांच्या घरच्या प्रयागबाईंनी चहा आणला, म्हणाल्या, "भाऊ जेवतच नाहीत वं बरोबर. दोन घास खातात आन् उठतात." मी म्हटलं हवापालट होतो, तसं होतं.

मग मी बाबांना विचारलं, "रेकॉर्डर नीट चालतो ना? द्या, चार्ज करून देते."

त्यांनी खिशातून काढला. माझ्या हातात देताना क्षणभर धरून ठेवला, मग सोडला. म्हणाले, "घे."

मी आत गेले, दार लोटलं. वायर लावायचं नाटकही केलं नाही. सातवी फाइल काढली, पुसायचं बटण दाबलं, यंत्राने खात्री आहे का विचारलं, पुन्हा दाबलं. दोन मिनिटं लागली. मी तिथल्या पलंगावर बसून घेतलं.

बाहेर येऊन परत त्यांच्या हातात दिला.

"झालं?" बाबांनी विचारलं.

"झालं."

"आणखी काही?"

"नाही, काही नाही."

त्यांनी तो खिशात ठेवला आणि नदीच्या बाजूला तोंड करून बसले. मी तासभर थांबून निघाले.

त्यांनी ऐकली असती तर मला पाहताक्षणी बोलले असते. त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे. म्हणजे ऐकली नाही. आता मी फोनमधल्या त्या फाइलीवर नाव घालून ती वेगळी ठेवली आहे. असं पुन्हा होणार नाही.

तू व्हिडिओ टाकत राहा.

नूपुर


प्रताप नगर, नागपूर
सोमवार, १७ नोव्हेंबर

विहंग,

चारही पत्रं एकाच पाकिटात येत आहेत. पहिलं तुझ्याकडे आहेच, म्हणून त्याची मी नक्कल केली नाही. उरलेली तीन आणि हे. क्रमाने वाच.

काल दुपारी रुपरावकाकांनी बाबांना आणून सोडलं. शोभाताई भाकरी करत होत्या. बाबा त्यांना म्हणाले, "शोभाताई, आज तुम्ही घरी जा. बाकीचं नूपुर करेल." त्या माझ्याकडे बघत बघत गेल्या.

"नूपुर, बस."

मी समोर बसले. त्यांनी रेकॉर्डर काढला आणि पुढे जायचं बटण दाबायला लागले. प्रत्येक वेळी तुझा आवाज अर्धा शब्द निघायचा आणि ते पुढे जायचे. मोठ्याने मोजत होते. नऊपर्यंत आले, मग पुन्हा पहिल्यावर गेलं.

"नऊ," ते म्हणाले. "गुरुवारी दहा होत्या."

आणि विहंग, मी काय म्हटलं असेल? तेव्हाही? मी म्हटलं, "एक खराब आली होती बाबा. आवाज फाटत होता. म्हणून पुसली."

"खराब नव्हती. मी ती चार वेळा ऐकली."

ते सावकाश सांगत होते, आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं.

"पहिल्यांदा लागली तेव्हा मला वाटलं हा कुठल्या तरी पंपाचा आवाज आहे. वर जातो, खाली येतो. मी वाट बघत होतो की तो आता सांगेल कोणता पंप आहे आणि त्याला काय झालंय. तर डॉक्टर बोलायला लागला. मग मी परत मागे नेली. दुसऱ्यांदा ऐकताना मला कळलं की ती अरुंधती आहे, तुझी आई."

मी उठायला लागले. ते म्हणाले, "बस. गुरुवारी दुपारी तू रुपरावला फोन केलास, मी शेजारीच होतो. मी नुकतीच ती ऐकली होती. मला वाटलं, हिला कळलंय, ही आता येईल. संध्याकाळी वाट बघितली. शुक्रवारी बघितली. शनिवारी तू आलीस तेव्हा मला वाटलं सांगायला आलीस. मी यंत्र तुझ्या हातात दिलं. नंतर विचारलंही तुला, आणखी काही?"

"बाबा, मला भीती वाटली."

"कशाची?"

"तुम्ही मला जा म्हणाल याची."

"त्याला म्हटलं तेव्हा तू तांब्या घेऊन उभी होतीस."

त्यांना ते दिसलं होतं. पट्टी एकाच डोळ्याला होती.

गल्लीत भाजीवाला ओरडत गेला. नंतर बाबा म्हणाले, "सहीचं मी समजून घेतलं असतं. आज नाही, उद्या घेतलं असतं. डॉक्टर काय म्हणाला ते मी आता स्वतः ऐकलं आहे. मी पालथा पडून 'करा' म्हणत होतो, मला म्हणायला काय जात होतं, ते तू बरोबरच बोललीस. पण नूपुर, गेल्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत मला दिसत होतं. धूसर का असेना, दिसत होतं. तो त्या तीन वर्षांत दोनदा आला होता. एकदा फाटकाच्या आतपर्यंत आला. मी त्याला पाहिलं आणि पाठ फिरवून आत गेलो. तू खिडकीत होतीस. तेव्हा एक वाक्य बोलली असतीस तर मी वळलो असतो. डोळे भरून बघितलं असतं त्याला. आता तो आला तरी मी काय करू?"

सहीबद्दल मी इतकी वर्षं मनात उत्तरं तयार करत होते, एकेक वाक्य जमवून ठेवलं होतं. त्यांनी विचारलं ते हे. खिडकीतून मी पाहिलं होतं, तू फाटकाची कडी लावून गेलास. मी पडदा ओढला होता.

संध्याकाळी त्यांनी मला ती फाइल परत करून द्यायला लावली. त्यांच्यासमोर बसून. साइट उघडली, व्हिडिओ चढवला, चक्र फिरत होतं तेव्हा ते विचारत होते, "झालं? अजून किती?" त्यांना तिच्यातला आपल्या दोघांच्या बोलण्याचा भाग नको होता, पण कापूही दिला नाही. म्हणाले, "आहे तशी राहू दे." रात्री ते जेवले नाहीत. मीही नाही. आज सकाळी शोभाताईंनी दोन्ही ताटं झाकलेली पाहिली, त्या काही विचारायला गेल्या आणि नुसत्याच भांडी घासायला बसल्या.

आज मी रजा टाकली. बाबांना म्हटलं, विहंगला फोन लावून देऊ? तुमचा तो उचलेल.

"नको. फोनवर मी त्याला धड बोलणार नाही, आणि तोही मला बरं वाटावं म्हणून काहीतरी बोलेल. आधी सगळं त्याच्या हातात जाऊ दे. मग त्याला वाटलं तर तो करेल."

मी सांगितलं की मी तुला पत्रं लिहिली आहेत, टाकली नाहीत.

"वाच."

मी वाचली. त्यांना माहीत नव्हतं ते पुष्कळ होतं. पहिल्या पत्रातलं मी तोंडीच सांगितलं; देवराव मीच, हे ऐकून त्यांचा ओठ जरासा हलला. शुक्रवारचं वाचताना, ती दहा वर्षांची ओळ आली तिथे मी थांबले. मी पाणी प्यायले. ते म्हणाले, "पुढे." शनिवारचं मी गाळणार होते. त्यांनी विचारलं, "शनिवारचं नाही लिहिलंस?" मग तेही वाचलं.

सगळं संपल्यावर म्हणाले, आता माझं लिहून घे. मी सांगतो तसंच लिही, तुझं काही घालू नकोस. खाली तेच आहे.

---

चि. विहंग यास अनेक आशीर्वाद.

नूपुरने मला तिची पत्रं वाचून दाखवली. या वेळी ती खरी आहेत असं धरून मी चाललो आहे. तू सही केली नव्हतीस हे मला गुरुवारी कळलं. तू हो का म्हणालास ते मात्र त्या आवाजात कुठेही नाही. ते मला तुझ्याकडून ऐकायचं आहे, पण तू सांगितलंच पाहिजेस असं नाही.

तुला मी घराबाहेर काढलं, ते माझं मी केलं. त्याचं खापर मी हिच्यावर फोडणार नाही. एकदा तरी तुला बसवून विचारायला हवं होतं, की काय घडलं ते सांग. मला तोंड होतं, तेव्हा डोळेही होते. मी विचारलं नाही.

तू काम चांगलं करतोस. मी काही या विषयातला नाही, पण जो माणूस दुसऱ्याला दिसत नाही हे लक्षात ठेवून बोलतो, त्याचं काम चांगलंच असणार.

तुझा चेहरा मला आठवतो तो मी जसा शेवटचा पाहिला तसा आहे, फाटकाजवळचा. तो मला नको आहे. ये. आल्यावर काय बोलायचं त्याचा विचार करून येऊ नकोस.

नूपुरशी मी सध्या बोलत नाही. हे तिच्याकडून लिहून घेतो आहे, कारण घरात दुसरं लिहिणारं कोणी नाही. तू आलास म्हणून ती इथून जाणार नाही, हेही तुला सांगून ठेवतो. तुम्ही दोघं काय ते आपसात बघा, मी मधे पडणार नाही.

ती लिहिता लिहिता थांबली आहे. तिचं झालं की पाकीट बंद करेल.

तुझा,
बाबा